मीटर फक्त जयंतीलाच का?

१४ एप्रिल जवळ आला की सगळ्यांना डेसिबल आठवतात. मिरवणुकीमागे मीटर फिरते. फिरू द्या, कायदा आपल्या डीजेलाही लागू आहेच. पण मित्रांनो, उरलेले ३६४ दिवस वस्तीत मीटर कोण आणतो?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. औद्योगिक क्षेत्राला दिवसा ७५, रात्री ७०. कोणता भाग कशात मोडतो, हे राज्य सरकार ठरवते. म्हणजे कारखान्याला खेटून असलेली वस्ती कागदावर 'औद्योगिक' झाली, की तिथल्या लेकराला ७० डेसिबलमध्ये झोपवणे कायदेशीर! फरक नुसता २५ चा वाटतो. पण दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, त्या हिशेबाने २५ म्हणजे तीनशे पटींहून जास्त.

यावर ठरलेले उत्तर असते, 'त्यांना सवय आहे.' सवय झाली म्हणून झोप मोडायची थांबते काय?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून मुंबईसह सात शहरांत आवाज मोजणारी कायमची केंद्रे उभारली. तुमच्या शहरात मोजणी कुठे होते आणि तुमची वस्ती कोणत्या वर्गात टाकली आहे, हे माहिती अधिकारात विचारा. आकडे मागताना सरासरीवर थांबू नका, एल-९० मागा. मोजणीच्या ९० टक्के वेळ आवाज ज्या पातळीच्या खाली उतरलाच नाही, ती पातळी म्हणजे एल-९०. सरासरी चढली तर एखाद्या हॉर्नवर ढकलता येते, एल-९० तसे ढकलता येत नाही. मोबाईलचे ॲप पुरावा नव्हे, तरी रात्री दोनची नोंद महिनाभर वहीत ठेवा आणि ती जोडून प्रमाणित मीटरने मोजणीची लेखी मागणी करा. पोचपावती घ्यायला विसरू नका.