विश्लेषण : कॉमिक्समध्ये स्त्री चित्रकार खरेच कमी होत्या?

फ्रान्समधील अँगुलेम महोत्सवाचा ‘ग्रां प्री’ पुरस्कार चित्रकाराच्या एकूण कारकिर्दीसाठी दिला जातो. २०१६ मध्ये त्यासाठी ३० नावे जाहीर झाली; त्यात एकही स्त्री नव्हती.

आयोजकांचे म्हणणे काय होते?
कॉमिक्सच्या इतिहासात स्त्रिया मोजक्याच आहेत.

ते का पटत नाही?
संपादक बाईचे काम बाजूला सारतात म्हणून अमेरिकेच्या डेलिया मेसिक यांनी ‘डेल’ हे नाव घेतले. १९४० मध्ये सुरू झालेली ‘ब्रेंडा स्टार’ ही चित्रमालिका त्यांनी चार दशके काढली.

पुढे काय झाले?
रियाद सत्तूफ यांच्यासह अनेकांनी आपली नावे मागे घेतली. यादी रद्द झाली. २०१९ मध्ये हा पुरस्कार जपानच्या रुमिको ताकाहाशी यांना मिळाला. त्यांची पहिली मालिका १९७८ची. म्हणजे २०१६ची यादी निघाली, तेव्हाही त्यांच्या कामाला ३८ वर्षे झाली होती.