पंचाविना चाललेला खेळ

खेळाडूनेच पंच व्हावे, हे कोणत्याही मैदानावर मान्य होत नाही. रेल्वेच्या बाबतीत मात्र आपण ते निमूटपणे स्वीकारले आहे. धोरण मंत्रालयाचे, गाड्या मंत्रालयाच्या, प्रवासभाडे मंत्रालय ठरविणार आणि दिलेले वचन पाळले की नाही, हेही मंत्रालयच सांगणार!

या व्यवस्थेची झळ यवतमाळकरांना चांगलीच ठाऊक आहे. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे नेण्यासाठी किलिक निक्सनच्या पुढाकाराने मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद मार्ग उभा राहिला. राष्ट्रीयीकरणातून तो निसटला. मालकी खासगी कंपनीची, चालक भारतीय रेल्वे, अशी विचित्र रचना स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले वाफेचे इंजिन तेथे १९९४ पर्यंत राबले. पुढे ‘शकुंतला’ थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचे भूमिपूजन २००९ साली झाले. त्यातील वर्धा-कळंब टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. पहिल्याच टप्प्याला पंधरा वर्षे! या विलंबाचा जाब जिल्ह्याने कोणाकडे मागावा?

स्वतंत्र नियामकाचा विचार नवा नाही. बिबेक देबरॉय समितीने २०१५ साली वैधानिक नियामक प्राधिकरणाची शिफारस केली. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मान्यता दिली. पण ते कायद्याने नव्हे, तर शासकीय आदेशाने निर्माण व्हायचे होते आणि त्याची भूमिका शिफारशी करण्यापुरतीच होती. २०१७ पर्यंत अस्तित्वात असलेल्या रेल्वे दर न्यायाधिकरणाच्या कक्षेत प्रवासभाडे येतच नव्हते.

कायदा बदलण्याची संधी नुकतीच येऊन गेली. रेल्वे सुधारणा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेने आणि मार्च २०२५ मध्ये राज्यसभेने संमत केले. १९०५ चा रेल्वे बोर्ड कायदा रद्द होऊन बोर्डाला १९८९ च्या कायद्यात स्थान मिळाले. वसाहतकालीन कायदा गेला, हे स्वागतार्हच. विरोधकांनी खासगीकरणाची भीती व्यक्त केली, रेल्वेमंत्र्यांनी ती फेटाळली. या वादात नियामकाचा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

लोकांनी निवडलेल्या मंत्र्याचे अधिकार तज्ज्ञांच्या हाती का द्यावेत, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. गरीब प्रवाशाचे भाडे निव्वळ हिशेबाने ठरू नये, हेही खरे. म्हणूनच धोरण आणि सवलती शासनाकडेच राहाव्यात. सवलतींचा भार मात्र अर्थसंकल्पात उघडपणे दाखवावा. नियामकाकडे भाड्याची छाननी, सेवेचा दर्जा आणि मंजूर प्रकल्पांच्या कालमर्यादेचा जाहीर लेखाजोखा असावा, आणि त्याचा अहवाल थेट संसदेपुढे यावा. रेल्वे सुरक्षा आयोग रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन आहे. अपघाताची चौकशी चालकाने स्वतःच करू नये, हे तत्त्व जर देशाने तेथे मानले, तर ते वचनपूर्तीच्या बाबतीत का मानू नये?

रेल्वे ही राष्ट्राची संपत्ती आहे. तिचा हिशेब राष्ट्रापुढे मांडला जाणे हा तिचा अपमान नव्हे. विदर्भाच्या खासदारांनी पक्षभेद विसरून या मागणीचा आग्रह धरावा आणि जागरूक मतदारांनी त्यांना त्याचे स्मरण देत राहावे. वचनाची तारीख विचारणारा कोणी असेल, तरच रूळ वेळेवर पडतात.