हार्वेस्टरने ऊस झटपट तोडला, मग साखर कुठे मुरली?

मागच्या हंगामात काकांच्या उसात पहिल्यांदाच हार्वेस्टर आला. टोळीचं कित्येक दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. मी व्हिडिओही काढला. पण भरलेली गाडी कारखान्याच्या यार्डात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उभीच! तेवढ्या वेळात उसाचं काय होतं?

मित्रांनो, सोपं गणित बघा. टोळी कोयत्याने ऊस अख्खा तोडते, म्हणजे कापलेली तोंडं दोनच. हार्वेस्टर त्याचे वीतभर तुकडे करतो. दोन मीटरच्या उसाचे २० सेंटिमीटरचे १० तुकडे धरले, तर तोंडं झाली २०! तिथूनच ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आत शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात. त्याने रस घट्ट होतो, साखरेचा दाणा नीट धरत नाही. शिवाय उसातलंच इन्व्हर्टेज हे एन्झाइम साखर फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ऊन वाढलं की हे सगळं आणखी वेगाने होतं.

आता पैशांचं बघू. २०२५-२६ साठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. त्यापुढे उतारा ०.१ टक्का वाढला, तर ३.४६ रुपये जादा, म्हणजे टनाला ३४.६० रुपये. आणि हा उतारा एकट्या तुमच्या शेताचा नसतो, अख्ख्या कारखान्याची सरासरी असते. म्हणून यार्डात ऊस कुणाचाही वाळो, फटका सगळ्यांनाच.

मग मशीन वाईट का? अजिबात नाही. तोडणीला मजूर कमी पडतायत, आणि राज्य सरकारने २०२३ मध्ये यंत्रासाठी ४० टक्के, कमाल ३५ लाखांचं अनुदान जाहीर केलं. मशीन वाढणारच. पण अख्ख्या उसासाठी लागलेली यार्डातली रांग तुकड्यांच्या उसाला परवडत नाही. त्याची गाडी आधी रिकामी व्हायला हवी, शक्यतो तोडल्याच्या दिवशीच.

काकांच्या मोबाईलवर वजनाचा मेसेज लगेच आला. त्यात ऊस कधी तोडला आणि गाळपाला कधी गेला, हे मात्र नव्हतं. माझ्या मते याच दोन वेळा त्या मेसेजमध्ये आल्या पाहिजेत. तोपर्यंत एवढं करा: मशीन फडात शिरताना एक फोटो, गाडी रिकामी होताना दुसरा. मधले तास मोजा आणि कारखान्यात विचारा.