पुंजयामिकीला पुरते वर्ष द्या

१९२४ साली नाशिकात आजचे एचपीटी महाविद्यालय उघडले, आणि त्याच साली ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांच्या गणनेची नवी रीत मांडणारा निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. पुढील दोन वर्षांत हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी पुंजयामिकीची उभारणी केली, म्हणजे हे शास्त्र आणि आपल्या शहरातील उच्च शिक्षण ही जवळजवळ समवयस्क होत. केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी रुपयांहून अधिक रकमेची तरतूद मंजूर केली, याचा आनंद आहेच. परंतु या विद्येशी विद्यार्थ्याची खरी गाठ जेथे प्रथम पडते, त्या बी.एस्सी.च्या तृतीय वर्षाच्या वर्गाकडे कोणाचे लक्ष आहे, असे विचारल्यावाचून राहवत नाही.

सुरगाणा, कळवण, पेठ अशा तालुक्यांतून आलेला, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी या वर्गात बसतो तेव्हा तरंगफलन, ऑपरेटर आणि आयगेनव्हॅल्यू ही सारी त्याच्यापुढे एकदम येऊन ठाकतात, आणि ज्या गणितावर ती उभी आहेत त्या संमिश्र संख्या, मॅट्रिक्स व अवकल समीकरणे यांचा सराव बहुधा सुटलेला असतो. मुदत एका सत्राची. तीत पेटीतला कण, आवर्ती दोलक आणि हायड्रोजनचा अणू उरकायचा. मग सिद्धता पाठ केल्या जातात. ऊर्जेचे सूत्र फळ्यावर बिनचूक उतरविणारा विद्यार्थीही, पेटी निम्मी केली तर ऊर्जा वाढेल की घटेल, असे विचारताच पुष्कळदा गोंधळतो. वास्तविक एक नॅनोमीटर रुंदीच्या पेटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, रुंदी अर्धी करताच ती चौपट, आणि शून्य ती कधीच होत नाही, हे ज्याने स्वतः आकडे घालून काढले, त्याला कणाला जागा आकुंचित करून दिली की त्याची ऊर्जा का चढते, हे पुन्हा सांगावे लागत नाही.

म्हणून या विषयाला पूर्ण वर्ष मिळावे, त्यासाठी एखादा ऐच्छिक विषय वगळावा लागला तरी चालेल. आरंभ १९२२ च्या श्टेर्न-गेरलाख प्रयोगापासून करावा. विषम चुंबकीय क्षेत्रातून जाणारा चांदीच्या अणूंचा झोत तेथे सलग न पसरता दोनच भागांत विभागला, आणि पर्याय दोनच असल्यामुळे दोन ओळी-दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सवर काम भागून मापनाचे गूढ वाटणारे नियम अवघड समीकरणांच्या आधीच हाताखालून जातात. शिवाय आठवड्यातून दोन तास केवळ उदाहरणे सोडविण्याचे असावेत, आणि परीक्षा इंग्रजीत असली तरी त्या तासांतील चर्चा मोकळेपणाने मराठीत व्हावी. शंका विचारायला संकोचणारी मुले तेथे बोलू लागतील, असा माझा विश्वास आहे.

यास नवी यंत्रसामग्री लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचा ठराव हवा, आणि त्या दोन तासांची नोंद कार्यभारात होऊन तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकासही त्यांचे मानधन मिळेल, असा शासनाचा हुकूम हवा.