बोटीत काय घेणार?

दिवाळी सरली की दवाखान्यात एका निराळ्याच रुग्णवर्गाची वर्दळ सुरू होते. या मंडळींना काही होत नसते. हातात विमानाची तिकिटे असतात, चेहऱ्यावर किंचित अपराधी भाव असतो आणि प्रश्न एकच असतो : "जाऊ ना आम्ही?" तिकिटे काढून झाल्यावर विचारलेल्या या प्रश्नाला 'नको' असे उत्तर देणे डॉक्टरला फार सोपे असते. घरी बसलेल्या रुग्णाला प्रवासात काही होत नाही आणि डॉक्टरच्या माथी दोष येत नाही. घरी बसून त्या माणसाचे जे काही होते, त्याची नोंद मात्र कोणत्याच केसपेपरवर होत नाही.

गेल्या वर्षी असेच एक कुटुंब आले. निवृत्त मुख्याध्यापक, वय ७६. मधुमेह, रक्तदाब आणि वयोमानानुसार वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी. त्यांच्या पत्नी ७२ वर्षांच्या. विस्मरणाचा आजार नुकता निश्चित झालेला. माणसे ओळखतात, पण वेळ आणि जागा यांचा मेळ सुटतो. सोबत मुलगा आणि सूनबाई. बेत होता अंदमानचा : दोन दिवस पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्री विजयपुरम, आणि पुढचे चार दिवस शहीद द्वीपावरच्या एका छोट्या रिसॉर्टमध्ये. नील बेट म्हणून आपण ज्याला ओळखत होतो, त्याचे २०१८ साली शहीद द्वीप असे नामकरण झाले. सरांना सेल्युलर जेल पाहायचे होते. सूनबाईंना काहीच पाहायचे नव्हते. "डॉक्टर, तीन वर्षं मी सलग दोन तास झोपलेले नाही. मला चार दिवस फक्त समुद्राचा आवाज ऐकायचाय," एवढेच त्या म्हणाल्या. आई-बाबांना घरी ठेवून जाणे त्यांच्या मनाला पटत नव्हते आणि त्यांना घेऊन जाण्याची भीती वाटत होती.

मी 'जा' म्हणाले. आणि मग तयारीला लागलो.

छोट्या बेटावर जाताना अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, ते तासांत मोजायचे असते. शहीद द्वीप पोर्ट ब्लेअरपासून चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. आपल्याकडे एवढे अंतर रुग्णवाहिका रात्री बाराला सुद्धा कापते. तिथे मध्ये समुद्र आहे. प्रवासी बोटी दिवसा धावतात, प्रवासाला दीड-दोन तास लागतात आणि समुद्र खवळला तर फेऱ्या रद्द होतात. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला. म्हणजे सूर्यास्तानंतर काही झाले, तर पहाटेपर्यंत जे काही करायचे ते बेटावरच. ज्यांना गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचा दम अद्याप स्थिरावलेला नाही, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांना मी अशा बेटावर जाऊ देत नाही. या कुटुंबात तसे कोणी नव्हते.

दुसरी गोष्ट सूर्याची. अंदमान देशाच्या इतके पूर्वेला आहे की घड्याळ आपलेच असूनही दिवस आपला नसतो. डिसेंबरात मुंबईला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो; तिथे पहाटे साडेपाचला उजाडते आणि संध्याकाळी पाचला दिवस संपतो. तरुणांना याची गंमत वाटते. विस्मरणाच्या रुग्णाला मात्र कातरवेळ हीच दिवसाची सर्वांत अवघड वेळ असते. उजेड मंदावू लागला की अशी माणसे अस्वस्थ होतात, घरी असूनही "घरी जायचंय" असा धोशा लावतात, येरझाऱ्या घालतात. ही वेळ एकाएकी तासभर अलीकडे आली आणि भिंतीही अनोळखी असल्या, तर काय होईल याची कल्पना सूनबाईंना देणे आवश्यक होते. उपाय साधे सांगितले. साडेचारलाच खोलीतले सगळे दिवे लावावेत. घरची चादर आणि उशीचा अभ्रा बरोबर न्यावा. त्या वेळी नवे काही दाखवायला बाहेर काढू नये. स्नानगृहाच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा हवा. आणि मच्छरदाणी असल्यास आजींना पलंगाच्या कोणत्या बाजूने उतरायचे याची दिवसा दोन-तीनदा तालीम करून घ्यावी. अर्धवट झोपेत जाळीत पाय अडकून झालेले खुब्याचे अस्थिभंग मी पाहिले आहेत.

सरांच्या पायांविषयी मी अधिक बोलले. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला समुद्रकिनारा जितका मोहात पाडतो तितकाच फसवतो. दुपारची वाळू तळवा भाजते आणि त्याला कळत नाही. शहीद द्वीपाचे भरतपूर, लक्ष्मणपूर हे किनारे ओहोटीच्या वेळी मैलभर उघडे पडल्यासारखे भासतात. पण त्या उथळ पाण्याखाली मृत प्रवाळांचे धारदार तुकडे आणि शेवाळलेले खडक असतात. प्रवाळाने झालेली जखम दिसायला क्षुल्लक असते आणि चिघळते. तेव्हा अनवाणी चालणे नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी तळव्याच्या सँडल पाण्यातही पायांत हव्यात, आणि रोज रात्री सूनबाईंनी किंवा मुलाने उजेडात दोन्ही तळवे पाहायचे. चालायचे ते ओल्या, घट्ट वाळूवरून. आणि किनारा समुद्राकडे उतरता असल्याने जितके एका दिशेने तितकेच परत उलट दिशेने, म्हणजे एकाच गुडघ्यावर भार पडत नाही.

इन्सुलिनचे पेन चालू असताना साधारण चार आठवडे तीस अंशांखालच्या तापमानात टिकते, न उघडलेली पेने मात्र थंड ठिकाणी हवीत. विमानात ती हातातल्या पिशवीत ठेवायची, सामानात कधीच नाही. रिसॉर्टमधल्या छोट्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला ती चिकटली तर गोठतात, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यावे लागते. बोटीला उशीर झाला की जेवणाला उशीर होतो. सकाळी ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेल्या माणसाची साखर तेवढ्या वेळात उतरू शकते, म्हणून खिशात ग्लुकोजची पुडी.

शहाळ्यावरून आमचा थोडा वाद झाला. दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर निवत नाही, वृद्धांना तहान कमी लागते. तेव्हा पाणी मोजून प्यायला हवे, हे सरांना मान्य होते. पण "तिथे शहाळी भरपूर, दिवसाला चार घेईन" असा त्यांचा मनसुबा होता. एका मोठ्या शहाळ्यात दीड-दोन केळ्यांइतके पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंडे ते सहज बाहेर टाकतात. सरांचे क्रिॲटिनिन सीमारेषेवर होते आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू होते, जे पोटॅशियम शरीरात राखून ठेवते. अशा माणसाने चार शहाळी रोज घेतली, तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते; आणि त्याची पूर्वसूचना बहुधा मिळत नाही. एका शहाळ्यावर तडजोड झाली. (मुख्याध्यापकांशी तडजोड करणे ही काय चीज आहे, हे त्यांचे माजी विद्यार्थीच जाणोत.)

सगळी औषधे, मात्रा, आजार आणि ॲलर्जी मी एका कागदावर लिहून दिल्या. फोनमध्येही ठेवा, पण कागद हवाच, कारण बेटावर मोबाइलच्या जाळ्याचा भरवसा धरता येत नाही. औषधांचे दोन संच करून दोन पिशव्यांत ठेवायला सांगितले. पाऊण तास गेला. बाहेर रुग्ण ताटकळत होते. आपण काही सोडले नाही, असे मला मनोमन वाटले.

मी सोडले होते. बोटीत काय घेणार, हे मी विचारले नव्हते.

सेल्युलर जेल उत्तम पार पडले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तीन मजली वास्तूच्या सातांपैकी तीनच शाखा आज उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर. सर प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटे बसून वर गेले आणि तिथे बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शहीद द्वीपाची बोट. समुद्र जरा हलत होता. शेजारच्या एका प्रेमळ सहप्रवासिनीने पर्समधून गोळ्या काढल्या : "घ्या काका, काही होत नाही, आम्ही नेहमी घेतो." सरांनी एक घेतली, उतरण्यापूर्वी आणखी एक घेतली, आणि आजींना अर्धी दिली. गोळी होती प्रोमेथाझिनची. बोटीतल्या स्वच्छतागृहापर्यंत तोल सावरत जाणे नको, म्हणून सरांनी लघवीही रोखून धरली होती.

प्रवासात मळमळ थांबवणाऱ्या या जुन्या गटातल्या गोळ्या तरुणांना फक्त झोप आणतात. वृद्ध पुरुषात त्या मूत्राशयाच्या स्नायूंचे आकुंचन मंदावतात. प्रोस्टेटमुळे दार आधीच अरुंद झालेले आणि आता आतून ढकलणारा जोरही गेला, की लघवी पूर्ण अडते. विस्मरणाच्या रुग्णात त्याच गोळ्या मेंदूतील स्मृतीशी निगडित रसायनाच्या आड येतात आणि गोंधळ कित्येक पटींनी वाढतो. त्या संध्याकाळी आजींनी सुनेला ओळखले नाही. आणि रात्री दोनला सर ओटीपोट धरून घामाघूम झाले होते.

सूनबाईंनी नंतर मला सांगितले ते असे : रिसॉर्टच्या माणसाने गाडी काढली, दहा मिनिटांत आरोग्य केंद्र आले, तिथल्या तरुण डॉक्टरांनी तो कागद एकदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "आज बोटीत काही गोळी घेतली का?" जो प्रश्न मी पाऊण तासात विचारला नाही, तो त्यांनी रात्री अडीचला, झोपेतून उठून विचारला. कॅथेटर घातला, पाऊण लिटरहून अधिक लघवी निघाली आणि सर शांत झोपले. कॅथेटर काही दिवस राहू द्यावा आणि मुंबईला परतल्यावर काढावा, असे ठरले.

आता पुढचे ऐका. बेतानुसार त्या चार दिवसांत लक्ष्मणपूरचा नैसर्गिक खडकपूल होता, सीतापूरचा सूर्योदय होता, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळदर्शन होते. प्रत्येक गोष्ट वेळापत्रकात बसवलेली. विश्रांतीला निघालेली आपली माणसे सोबत शाळेचे वेळापत्रक घेऊन निघतात. ते सारे रद्द झाले. सर पायजम्याआड पिशवी लपवून ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहिले. पूर्वी बेटावर स्थायिक झालेल्या बंगाली कुटुंबांपैकी एकातली एक बाई रिसॉर्टमध्ये स्वयंपाक करी. तिच्याशी तोडक्या हिंदीत त्यांनी भाजीच्या मळ्यांविषयी गप्पा मारल्या. गोळीचा अंमल उतरल्यावर आजी सावरल्या. त्या सकाळी ओल्या वाळूत बसून पदरात शिंपले गोळा करीत. बेटावरून शिंपले आणि प्रवाळ नेण्यावर निर्बंध आहेत, म्हणून दुपारी मुलगा ते हळूच परत वाळूत नेऊन ठेवी आणि दुसऱ्या सकाळी आजी तेच पुन्हा नव्याने वेचीत. साडेचारला दिवे लागत. मुलाने चार दिवसांत आईजवळ जितके बसणे झाले तितके बहुधा चार वर्षांत केले नसेल. आणि सूनबाई दुपारी जेवून झोपल्या त्या एके दिवशी थेट कातरवेळी उठल्या. "डॉक्टर, मला आधी दचकायला झालं, इतका वेळ कुणी हाक कशी मारली नाही म्हणून."

परत आल्यावर योग्य औषध सुरू करून कॅथेटर काढला, लघवी सुरळीत झाली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी प्रोस्टेटचा, काचबिंदूचा किंवा विस्मरणाचा रुग्ण आहे, त्यांनी बोटीतल्या, बसमधल्या, घाटातल्या गोळीविषयी आपल्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारावे. सर्दीच्या आणि झोपेच्या, औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक गोळ्यांनाही हेच लागू आहे. बोटीत मध्यभागी, खालच्या मजल्यावर बसावे, तिथे हेलकावा सर्वांत कमी. नजर क्षितिजावर ठेवावी. पोट रिकामे नको आणि तुडुंबही नको. निघण्यापूर्वी आणि उतरल्यावर लगेच स्वच्छतागृहात जाऊन यावे. आले बऱ्याच जणांना मळमळीवर उपयोगी पडते.

गेल्या आठवड्यात सर पुन्हा आले. रक्तदाब चांगला होता, क्रिॲटिनिन होते तिथेच. निघताना त्यांनी पिशवीतून आलेपाकाचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"हा तुम्हाला, डॉक्टरबाई. आमचा वेगळा बांधलाय."

"कुठे निघालात?"

"तिथेच. तो पूल राहिलाय. आणि सूनबाईंनी या वेळी सहा दिवसांचं आरक्षण केलंय."

मी नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीत प्रश्न लिहिला.