जमीन किती ठोके खाते?

रिकाम्या प्लॉटवर लोखंडी तिपाई उभी करून चार-पाच माणसं एक जडशीळ वजन वर ओढतायत आणि धाडकन खाली सोडतायत, असं दृश्य तुम्ही कधी पाहिलंय? ठक्... ठक्... शेजारी एक जण वही घेऊन उभा असतो आणि पुटपुटतो, "सात... आठ... नऊ..." बोअरवेल चाललीय असं समजून आपण पुढे निघून जातो. पण त्या मंडळींना पाणी नकोच असतं. ती जमिनीची नाडी बघत असतात.

ते वजन असतं ६३.५ किलोचं आणि ते दर वेळी बरोब्बर ७५ सेंटिमीटरवरून पडतं. खाली एक पोकळ नळी जमिनीत घुसत असते. ती ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पैकी पहिल्या १५ सेंटिमीटरचे सोडून द्यायचे, कारण भोक पाडताना तिथली माती आधीच चाळवलेली असते. उरलेल्या ३० सेंटिमीटरला चार ठोके पुरले तर जमीन लोण्यासारखी. तीस-चाळीस लागले तर झकास. आणि पन्नास ठोके मारूनही नळी हलेना, तर समजायचं की खडक लागला. नळीत अडकून वर आलेली माती पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत जाते. या चाचणीचं नाव स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. सिव्हिल इंजिनिअरिंगला गेलात तर मृदा-यांत्रिकीच्या तासाला ती भेटेलच. आपण तिला जरा आधीच भेटून घेऊ. आणि त्यासाठी जाऊ कोराडीला.

कोराडी नागपूरच्या उत्तरेला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. देवीचं देऊळ, तलाव आणि लांबून दिसणाऱ्या वीज केंद्राच्या चिमण्या. नागपूरकरांना हे सगळं पाठ आहे. पण पायाखाली काय आहे? नागपुरात सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, ती काळ्या बेसाल्टची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर वाहत आला, त्याचं हे पूर्वेकडचं टोक. तिथून उत्तर-पूर्वेला कामठी-सिलेवाड्याकडे गेलात की बेसाल्ट संपतो आणि वालुकाश्म लागतो. 'कामठी फॉर्मेशन' हे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आपल्या कामठीवरूनच गेलंय, बरं का! त्याच्या खाली पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा दगडी कोळसा दडलाय. आणखी पुढे रामटेक-मनसरच्या बाजूला मँगनीज पोटात घेतलेले याहून कितीतरी जुने खडक. सायकलवर एका दिवसात पृथ्वीची इतकी पानं उलटता येतील अशी शहरं फार नाहीत.

ही पानं आधी वाचली ती स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. शिकवून उरलेल्या वेळात हा माणूस हातोडी घेऊन हिंडायचा. टाकळीच्या दगडांत त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळाले. म्हणजे लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमधल्या काळात तिथे तळी होती! सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात वाहून गेले. पाण्याची ही गोष्ट ध्यानात असू द्या. आज आपल्याला पाण्याबद्दलच बोलायचंय.

बेसाल्ट झिजून झिजून त्याची काळी माती होते. कापसाला, संत्र्याला उत्तम, घराला मात्र वैरीण. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. वहीच्या पानांसारखे अतिसूक्ष्म पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये शिरायला पाणी टपलेलं. पावसाळ्यात पानं फुगतात, जमीन वर उचलली जाते. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं घर दरवर्षी असं वरखाली होणार, मग भिंतीला तडे जाणार नाहीत तर काय! यात एक गंमत अशी की जड इमारतीपेक्षा हलक्या बांधकामाला जास्त त्रास होतो. एकमजली घर, कंपाउंडची भिंत, फरशी यांचा दाब मातीच्या फुगण्याच्या जोरापुढे कमी पडतो, आणि माती त्यांना सहज उचलते.

माती किती चिकट आहे हे कळायला यंत्र लागत नाही. ओलसर माती तळहाताने काचेवर वळा, आपण शेवया वळतो तशी. तीन मिलिमीटर जाडीची, म्हणजे साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढी वळी न तुटता झाली, तर मातीत चिकणपणा आहे. वाळूची वळी होतच नाही. अ‍ॅटरबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास मातीच्या ओलेपणाच्या ज्या मर्यादा ठरवल्या, त्यांतली ही एक. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत मोठमोठी माणसं अशा शेवया वळत बसलेली असतात!

दुसरा प्रयोग मोठ्या माणसांना विचारून करा. वाळवून, कुटून, चाळलेली काळी माती दोन उभट काचनळ्यांत सारखी घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल (हल्ली ते मिळवणंच अवघड). एक दिवस हलवू नका. रॉकेल पापुद्र्यांत शिरून माती फुगवत नाही, त्यामुळे तिथली माती होती तेवढीच राहते. पाण्यातली वर चढते. ती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट झाली, म्हणजे फरक ५० टक्क्यांचा झाला, की इंजिनिअरचे कान टवकारतात.

मग यावर उपाय? एक उपाय रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने पुढे आणला. काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटर खाली गेलं की उन्हाळा-पावसाळ्याचा परिणाम जवळपास जाणवत नाही. म्हणून तिथवर भोक पाडायचं, तळाशी ते कंदासारखं फुगवायचं आणि काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही उसळली तरी घर त्या कंदाला धरून बसतं. दुसरा उपाय पवईच्या आय.आय.टी.चे प्रा. आर. के. कट्टी यांचा. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याचं अस्तर काळ्या मातीने उखडलं जाई. त्यांनी दाखवलं, की मध्ये चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर दाबून घातला तर काळीचा उपद्रव आटोक्यात येतो. मुरूम घालून मगच घर बांधणाऱ्या आपल्या गवंड्याला हे ऐकून हसू येईल. जुन्या मराठीत तर शेतीला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. नावं कशीही पडली असोत, घर काळीवर नको हे ऐकून कोणताही इंजिनिअर खूश होईल.

आता जरा अवघड पण सगळ्यात महत्त्वाचा भाग. हौदात छातीभर पाण्यात उभे राहा. तळाला पाय किती हलके टेकतात? तुमचं वजन तेवढंच आहे, पण त्यातला मोठा वाटा पाण्याने उचललाय. जमिनीतल्या कणांचंही तसंच. कण एकमेकांवर जितके घट्ट रेललेले, तितकी जमीन पक्की. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला, की ते एकमेकांवरून उचलले जातात आणि जमिनीतला दम जातो. हे कार्ल टर्झागी या ऑस्ट्रियन इंजिनिअरने ओळखलं. इस्तंबूलमध्ये शिकवताना त्याच्याकडे उपकरणंसुद्धा नव्हती, त्याने सिगारच्या रिकाम्या खोक्यांचा उपयोग केला. १९२५ साली त्याचं पुस्तक आलं आणि मृदा-यांत्रिकी हे शास्त्र उभं राहिलं.

चला परत कोराडीला. इथला पहिला संच १९७४ सालचा. २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच सुरू झाले. जरा गणित करू. ६६० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला सहा लाख साठ हजार युनिट वीज. एका युनिटला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो, आपण ०.७ किलो धरू. झाला ४६२ टन. आपल्या कोळशात ३५ टक्के तरी राख धरावी लागते. म्हणजे एका संचाची एका तासाची राख सुमारे १६० टन. सोळा टनांचे दहा ट्रक, दर तासाला! विटा, सिमेंट, रस्ते यांत ती वापरतात. उरलेली पाण्यात कालवून नळाने दूरच्या तळ्यात सोडण्याची जुनी रीत आहे. तिथे राख खाली बसते. तळ्याभोवती बांध असतो. तळं भरत आलं की बांध वाढवतात, आणि पुष्कळ ठिकाणी ही वाढ आधीच बसलेल्या राखेवरच उभी राहते.

राख ही मोठी फसवी माती. कण पिठासारखे बारीक आणि गोल, काही आतून पोकळ. वळी करून पाहा, होणार नाही. शिवाय हलकी! वाळूचा कण पाण्याच्या २.६५ पट जड, राखेचा साधारण २.१ पट. पाण्यात बुडवलं की दोघांचाही १ वजा होतो. वाळूकडे १.६५ उरतात, राखेकडे १.१. त्यात राख भुसभुशीत बसते, कमी जागेत कमी कण. म्हणून खालून वर येणाऱ्या पाण्याचा वाळूला उचलायला जेवढा जोर लागेल, त्याच्या साधारण निम्म्या जोरातच राख उचलली जाते.

जुलै २०२२ मध्ये जोरदार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखेचं पाणी आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत पसरलं. पेरणी होऊन गेलेली होती. शेतातून पाणी ओसरतं, राख ओसरत नाही. पाऊस पडला की ती सिमेंटसारखी थापून बसते, सुकली की उडते. खाली दबलेलं रोप वर येणं कठीण.

बांध फुटतो तो तीन वाटांनी. पाणी माथ्यावरून वाहिलं तर ते माती कातत नेतं. पोटात ओल मुरून दाब वाढला, तर उतार घसरून खाली बसतो. तिसरी वाट लपलेली असते. पाणी बांधाच्या आतून झिरपत पायथ्याशी निघतं आणि येताना एकेक कण घेऊन येतं. मग उंदराच्या बिळासारखा बोगदा मागे मागे सरकत तळ्यापर्यंत पोचतो, आणि पुढचं तासाभरात उरकतं. १२ जुलै १९६१ ला पुण्यावर आलेला पानशेतचा पूर मातीच्याच धरणाचा होता. तेव्हा मोठ्या धरणांच्या पायथ्याशी वाळू-खडीचे गाळण थर घालतात. ते पाणी जाऊ देतात, कण अडवतात.

तरीही पावसाळ्यात बांधावर माणूस फिरवावाच लागतो. गमबूट, टॉर्च आणि काचेचा एक स्वच्छ पेला. पायथ्याशी पाणी झिरपताना दिसलं, की तो घाबरत नाही. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपायचंच. तो पेला भरतो आणि टॉर्चसमोर धरतो. पाणी नितळ असेल तर वहीत वेळ लिहून पुढे जातो. गढूळ असेल, तर मात्र वही खिशात टाकून पळत सुटतो.