गाणं इंग्रजी आहे ना, मग चालतं!

मंडळी, आजचं लिखाण जरा रागाचं आहे. घरून आधीच सूचना आलीय, की केजीच्या पोरींच्या नाचावरून या वयात भांडत बसू नकोस. पण काय करणार? चौतीस वर्षं मराठी शिकवण्यात गेली. ‘कवीला काय म्हणायचे आहे?’ या प्रश्नाची किती उत्तरं तपासली असतील याची मोजदाद नाही. आणि आता आपल्या डोळ्यांदेखत गावंच्या गावं एका गाण्यावर पंचवीस वर्षांहून जास्त काळ नाचताहेत आणि ते गाणं म्हणतंय काय, हे कुणीच विचारत नाही. माझ्याच्याने हे गिळवत नाही.

गाणं म्हणजे ‘बार्बी गर्ल’. ऐकलं नाही असं म्हणणारा माणूस अंबरनाथ-बदलापुरात सापडणं कठीण. वाढदिवसाचा हॉल, सोसायटीचा गणपती, हळदीचा डीजे, शाळेचं गॅदरिंग... कुठे ना कुठे कानावर पडलेलं असतंच. १९९७ साली ‘अ‍ॅक्वा’ नावाच्या डेन्मार्कच्या बँडने ते काढलं. तिघे पुरुष डेन्मार्कचे, गाणारी लेने न्युस्ट्रोम नॉर्वेची. इंग्लंडात ते चार आठवडे पहिल्या नंबरावर होतं, अमेरिकेतही पहिल्या दहात गेलं. आपल्याकडे तेव्हा केबलवर एमटीव्ही आणि चॅनल व्ही नवेनवे होते, तिथून ते घराघरात शिरलं. २०२३ मध्ये ‘बार्बी’ सिनेमा आला, त्यात याच गाण्याचा तुकडा घेऊन नवं गाणं केलं होतं, त्यामुळे जुन्यालाही पुन्हा पालवी फुटली.

मागच्या डिसेंबरात भाचीच्या मुलीच्या गॅदरिंगला बदलापूरला गेले होते. शाळा इंग्रजी माध्यमाची, नाव सांगत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. सीनियर केजीच्या बारा मुली स्टेजवर आल्या. ड्रेपरीवाल्याकडचे गुलाबी झगे, सोनेरी केसांचे टोप, ओठांना लिपस्टिक. कोट-गॉगल घातलेला एक मुलगा मध्ये उभा. मुली कमरेवर हात ठेवून मान वेळावत होत्या आणि तो एकेकीला हाताला धरून फिरवत होता. पालक मोबाइल उंच धरून उभे. टाळ्या थांबेनात. निवेदिका बाई म्हणाल्या, ‘सो क्यूट!’

आता पुढची गोष्ट ऐका. त्याच गॅदरिंगसाठी पाचवीच्या मुलींनी लावणी बसवली होती. नऊवारी जमवली होती, घुंगरंही आणली होती. आठ दिवस आधी सांगण्यात आलं, की लावणी शाळेच्या संस्कारांत बसत नाही, दुसरं काहीतरी करा. मग घाईघाईने कोळीगीत बसवलं. भाचीनेच सांगितलं हे. आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे जास्त लागलं मनाला.

घरी येऊन मी ‘बार्बी गर्ल’चे शब्द काढून घेतले. माझं इंग्रजी बेताचं, बी.ए. मराठी माध्यमातून झालेलं. शब्दकोश घेऊन तासभर बसले. गाण्यात ती बाहुलीच बोलते. आपण प्लॅस्टिकच्या आहोत, तेव्हा आपल्याला नटवायचा, नाचवायचा, अंगावरचे कपडे काढायचासुद्धा अधिकार खेळणाऱ्याचा आहे, असं ती खिदळत सांगते. आणि एक घोगरा पुरुषी आवाज तिला बाहेर चल म्हणून खेचत राहतो. नाचातला तो कोट-गॉगलवाला बाळ म्हणजे हा आवाज. हेच शब्द मराठीत आणून सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी घाला आणि तिच्या आजोबांसमोर म्हणायला लावा. सभागृहात किती जण बसून राहतील?

थांबा, एवढ्यावर गाण्याला फासावर चढवायला निघू नका. कारण हे गाणं मुळात टिंगल आहे. आमच्या व्याकरणात याला व्याजस्तुती म्हणतात, वरून स्तुती आणि आतून निंदा. हे सामाजिक भाष्य आहे आणि बाहुली बनवणाऱ्यांचा याच्याशी संबंध नाही, अशी सूचना अल्बमवरच छापलेली होती. बाईला बाहुली समजणाऱ्या जगाला ते चिमटा काढतं. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीला तो चिमटा बरोबर लागला. तिने १९९७ मध्येच रेकॉर्ड कंपनीवर खटला भरला. पाच वर्षं भांडल्यावर २००२ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने सांगितलं, की हे विडंबन आहे, गाणं बार्बीची आणि ती ज्या मूल्यांची निशाणी आहे त्यांची थट्टा करतं, त्याला मुभा आहे. वर दोन्ही पक्षांनी जरा थंड घ्यावं, असा सल्लाही निकालपत्रात दिला. मला तो न्यायाधीश शाळेत शिक्षक म्हणून शोभला असता असं वाटून गेलं. असो.

खरी गंमत पुढे आहे. २००९ मध्ये त्याच मॅटेलने शब्द बदलून हेच गाणं स्वतःच्या जाहिरातींत वापरलं. टोचणारे शब्द तेवढे काढले, ठेका ठेवला, आणि ज्या मालाची टिंगल झाली होती तोच माल त्यावर विकला. त्यांना निदान कुठला शब्द काढायचा हे तरी कळलं होतं! आपण तर शब्दांसकट सगळं केजीच्या पोरींना नेसवलं.

भाचीशी फोनवर भांडण झालं. ‘मावशी, मुलांना कुठे कळतात शब्द?’ अगं, वर्षाला एवढी फी भरता ती इंग्रजी कळावं म्हणूनच ना? मग गाण्यातलं इंग्रजी तेवढं कळणार नाही हे कशावरून धरलंत? आज नाही कळलं तर चौथीत कळेल, आणि व्हिडिओ तर तुमच्या सगळ्या ग्रुपांवर आहेच. ‘अगं, बीट छान आहे म्हणून घेतात.’ मग नुसती धून लावा. नाचायला तेवढी पुरते. ‘पण तूच म्हणतेस ना, की ते विडंबन आहे!’ हा मात्र तिचा चांगला मुद्दा होता. उत्तर एवढंच, की विडंबन करायला करणाऱ्याला ते ठाऊक असावं लागतं. नाथांचं विंचवाचं भारूड करणारा माणूस विंचू चावल्याचं सोंग आणतो. विंचू कुठला आणि विष कुठलं हे त्याला कळतं, समोरच्यांनाही कळतं, म्हणून ते भारूड. नकळत्या पोराला कुणी खराखुरा विंचू चाववून टाळ्या वाजवत नाही. न्युस्ट्रोमबाई मोठ्या होत्या, त्या बाहुलीचं सोंग करत होत्या. बदलापूरच्या स्टेजवर सोंग नव्हतं, पोरींना सरळ बाहुल्याच केलं होतं.

आता लावणीकडे येते. मराठी शब्दाची झडती घ्यायची सवय आपल्याला आजची नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती उठली, पण वग आणि लावण्या आधी तपासून घेण्याच्या अटीवर. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ १९७२ मध्ये अडकलं आणि कोर्टातून सुटलं. म्हणजे मराठी शब्दाने दाराशी खिसे उलटे करून दाखवायचे, आणि इंग्रजी गाण्याने गॉगल लावून सरळ आत यायचं! आमच्या शेजारच्या उल्हासनगरची एक जुनी थट्टा तुम्हाला माहीत असेल. तिथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ म्हणे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीत सगळं गमावून लष्करी कॅम्पात आलेल्या माणसांनी कारखानदारी उभी केली आणि आपण ती नक्कल म्हणून हसलो. हसणारे आपण स्वतः मात्र परदेशी शिक्का दिसला की माल उलटून पाहायचंही विसरतो.

दुसऱ्या बाजूचे लोक तर याहून विनोदी. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांना हे सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, ‘पाश्चात्त्य संस्कृती! बंदीच घाला.’ अहो, पण ज्या संस्कृतीचा तुम्हाला राग येतो, तिची थट्टा त्याच संस्कृतीतल्या चौघांनी केलीय, आणि तुमच्याआधी बंदी मागायला बार्बीवालेच गेले होते! शब्द त्यांनीही ऐकलेले नव्हते. टाळ्या वाजवणारे आणि बंदी मागणारे या एका बाबतीत अगदी सख्खे भाऊ.

आणि बाहुलीचा हा प्रश्न त्यांच्याकडचाच आहे असंही नाही. बार्बी १९५९ साली आली, ती जर्मनीतल्या लिली नावाच्या बाहुलीवरून. ही लिली पुरुषांना गंमत म्हणून विकली जायची, तेव्हा तिकडचं मूळ सरळसरळ तसलं आहे. पण आपल्या कवी दत्तांचं बाहुलीवरचं गाणं घ्या. ते १८९९ मध्ये गेले, म्हणजे गाणं सव्वाशे वर्षांहून जुनं, आणि अजून पोरींच्या तोंडी आहे. त्यात मुलगी आई आहे, बाहुली तिची लेक आहे, मैत्रिणींना बोलावून ती कौतुक सांगते. खेळ मुलीच्या हातात आहे, हा मोठा फरक. मला ते फार आवडतं, वर्गात कितीदा म्हणून घेतलंय. तरी त्यातली लेक गुणाची का, तर ती हट्ट करत नाही आणि कपडे नवेच्या नवे ठेवते म्हणून! हे तिसरीच्या एका मुलीने मला वर्गात विचारलं होतं, ‘बाई, हट्ट केला तर ती वाईट होते का?’ शब्द ऐकले की असे प्रश्न येतात. डीजेच्या आवाजात कसे येणार?

शाळेला मी पत्र लिहिलं. गाणं बंद करा असं त्यात कुठेही नाही. लिहिलं ते असं, की केजीला हे देऊ नका, आठवी-नववीच्या मुलींना द्या. आधी त्यांना अर्थ सांगा, खटल्याची गोष्ट सांगा, मग त्यांचा त्यांना नाच बसवू दे. बाहुली कोण आणि खेळणारा कोण हे त्या अशा दाखवतील, की समोर बसलेल्या बाबांचे मोबाइल खाली येतील. आणि पाचवीच्या त्या मुलींना लावणी करू द्या, शब्द वाचून, निवडून, त्यांच्या वयाला शोभेल अशी.

परवा मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. चांगल्या बोलल्या, पत्र दोनदा वाचलं म्हणाल्या. आठवीच्या मुलींचं ‘बार्बी गर्ल’ करायला काही हरकत नाही, ते जमेल. लावणीचं मात्र ट्रस्टींना विचारावं लागेल.